चेट विस्नॉस्कीची पनवती

चेट विस्नॉस्कीने शर्ट विकत घेतला की त्या खेळाडूने सामान बांधायला घ्यावं, हे आमच्या टेकडीवर शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पिट्सबर्गात माणसाला दोन गोष्टी जन्मापासून चिकटतात: गुडघे खाणारे चढ आणि काळ्या-सोनेरी रंगाचे संघ. थंडीत अमेरिकन फुटबॉलचा, उन्हाळ्यात बेसबॉलचा. बायको बदललेले दोघेतिघे टेकडीवर आहेत. संघ बदललेला एकही नाही.

चेटच्या माळ्यावर सात शर्ट टांगलेले होते. पहिला त्याने लग्नानंतरच्या नाताळात घेतला, बेसबॉलमधल्या एका देखण्या पोराचा. तीन आठवड्यांत तो पोरगा कॅलिफोर्नियाला रवाना. दुसरा फुटबॉलमधल्या गॅरी होल्कॉमचा. बुधवारी घरात आला, शुक्रवारी गॅरी गेला. तिसऱ्याला तर शर्टाची घडी मोडायच्या आत विकलं. चौथा खेळच सोडून नेब्रास्कात गुरं पाळायला निघून गेला. सातवा गेला तेव्हा चेटने बिलाची पावतीसुद्धा अजून पाकिटातून काढलेली नव्हती.

असं काही झालं की टेकडीवर ज्याची त्याची तऱ्हा. चेटच्या बायकोचा, रेजिनाचा भाऊ वॉली टीव्हीवर चप्पल फेकायचा. चेट तळघरात जायचा आणि हत्यारांच्या पेटीतले खिळे आकारावार लावत बसायचा. रेजिना वरूनच कान देऊन ऐकायची. खिळ्यांचा आवाज थांबला की सूप गरम करायला ठेवायची. फुटबॉलवाल्याचं दुःख साधारण एका सुपाचं असे, बेसबॉलवाल्याचं दोन दिवस चाले.

टेकडीवरून नदीपर्यंत उतरणारी लाल तारगाडी चेटने चौतीस वर्षं चालवली. दोन डबे एकाच तारेला बांधलेले. एक वर आला की दुसरा खाली गेलाच पाहिजे. वरच्या खोपटात दांडा धरून, शेजारी रेडिओ लावून बसायचं, हीच नोकरी. खेळाडूंची ये-जा त्याच्याइतकी शांतपणे कुणी समजून घ्यायला हवी होती. तो म्हणायचाही, "कोणी येणार म्हणजे कोणी जाणार, तारच तशी बांधलीय." मग थोडं थांबून म्हणायचा, "पण दर खेपेला जाणाऱ्या डब्यात माझाच माणूस का बसतो, एवढंच मला कुणी सांगा."

वॉली सांगायचा. "तू पांढऱ्या पायाचा आहेस, चेट. दुसरं काय."

थट्टा थट्टेच्या जागी होती, पण हळूहळू ती चेटच्या हाडात मुरली. मुरली म्हणजे किती, तर रुबेन अल्कासार या पोराचं नाव त्याने सहा वर्षांत एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. हा रुबेन बेसबॉलच्या संघातला कॅचर, म्हणजे आपल्या विकेटकीपरसारखा मागे उकिडवा बसून चेंडू घेणारा. एकवीस वर्षांचा असताना आला आणि पहिल्याच सामन्यात सोपा चेंडू सोडून बसला. अख्खं मैदान ओरडलं. रेडिओवरचा माणूस म्हणाला, पोरगा हसतोय आणि पुन्हा खाली बसलाय. चेटच्या मनात तो तिथेच घुसला. ओरडा खाऊन पुन्हा आपल्या जागी बसणं, ही गोष्ट तारगाडीवाल्याला कळते.

पण प्रेम बसलं म्हणजे धोका आला. चेटने शर्ट घेतला नाही. मैदानावर जाणं सोडलं. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घ्यायच्या नाहीत, तसा तो रुबेनला नुसतं 'तो' म्हणू लागला.

"त्याने आज दोन चेंडू मैदानाबाहेर मारले," तो रेजिनाला सांगायचा.

"कोणी?"

"त्याने गं. मागे बसतो तो."

"नाव घेतलंस तर काय जीभ झडेल?"

"माझी नाही झडणार. त्याचं तिकीट निघेल."

रेजिनाची एकच इच्छा होती. नदीकाठच्या मैदानात, उन्हात, नवऱ्याशेजारी बसून दुपारचा सामना बघावा, सॉसेज खावं, हातावर मोहरी सांडावी. सहा उन्हाळे तिने ही इच्छा ओसरीवर बसून रेडिओबरोबर गिळली.

यंदा एप्रिलमध्ये तिने ओसरीवरच्या चेटच्या खुर्चीला नवी उशी शिवली. जुनीतून स्प्रिंग टोचायची. नवी चांगली जाड, निळ्या चौकटींची. चेट तिच्यावर बसला आणि संघ लागोपाठ पाच सामने जिंकला. झालं. उशी शुभ ठरली. जूनमध्ये बातम्या सुरू झाल्या की रुबेनवर दोन श्रीमंत शहरांचा डोळा आहे, आणि त्याच आठवड्यात रेजिना म्हणाली, "उशी दे, धुते."

"हात लावायचा नाही."

"घाम लागलाय तिला."

"लागू दे. शुभ घाम आहे. हंगाम संपला की धू."

रेजिना घरात गेली. दोनदा तो अंघोळीला गेलेला बघून तिने उशीकडे हात नेलाही असेल. पण चेट अंघोळीलाही उशी घेऊन जाऊ लागला होता, हे वॉलीने टेकडीभर केलं. त्या उन्हाळ्यात रेजिना वाळली, असं शेजारणी म्हणत. कुणी म्हणे साखर असेल, कुणी म्हणे गुडघा. ती स्वतः फक्त मधूनच विचारायची, "बसायला बरं वाटतं ना?"

जुलै संपत आला. बेसबॉलवाल्यांचा नियम असा, की एकतीस जुलैला संध्याकाळी सहापर्यंत संघांनी काय ती अदलाबदल करून घ्यायची. सहा वाजले की दार बंद. मग हंगाम संपेपर्यंत कोणी कुठे जायचं नाही. चेटने जाहीर केलं होतं, तो गेला तर रेडिओ नदीत टाकणार, बेसबॉल या घरातून संपला. हे त्याने एवढ्या हळू आवाजात सांगितलं की ते खरं आहे हे रेजिनाला कळलं.

आणि नेमकी एकतीस जुलैलाच आमच्या चर्चची जत्रा आली.

जत्रेत चेटचं काम ठरलेलं. पिरोगीच्या खिडकीत उभं राहायचं, आतून बायका उकडून, लोण्यात परतून देतील त्या बटाटा-चीजच्या करंज्या कागदी ताटलीत भरून द्यायच्या. बाजूला टोपल्यांची सोडत. लांब टेबलावर टोपल्या मांडलेल्या, प्रत्येकीसमोर टेबलाच्या कडेला चिमट्याने लावलेली कागदी पिशवी. जी टोपली हवी तिच्या पिशवीत आपल्या नावाची तिकिटं टाकायची. चेटने पंधरा तिकिटं घेतली आणि सगळीच्या सगळी हॅमच्या टोपलीसमोरच्या पिशवीत टाकली. हॅम, म्हणजे डुकराची खारवलेली मांडी, जंगी होता, सोबत किसलेला झणझणीत हॉर्सरॅडिश मुळा आणि राय धान्याचा पाव. शेजारच्या पेटीत काय होतं ते त्याने तिरप्या डोळ्याने पाहिलं आणि मान फिरवली. काचेच्या झाकणाखाली रुबेन अल्कासारचा शर्ट होता, त्याच्या सहीसकट. वॉलीने त्या पिशवीत वीस तिकिटं टाकली, मुद्दाम चेटला दाखवून, एकेक करून.

सोडतीचा कारभार मिसेस ओपाल्कांकडे. बाई काटेकोर, गेली बावीस वर्षं. पण चार वाजता ऊन टेबलाच्या त्या टोकाला आलं आणि हॅमला घाम फुटू लागला. बाईंनी हॅम उचलून सावलीत, शर्टाच्या जागी नेला आणि शर्टाची पेटी त्याच्या जागी सरकवली. पिशव्या मात्र राहिल्या जिथल्या तिथे. हॅमची काळजी घेण्यात बाई इतक्या गुंतल्या की पिशव्यांकडे त्यांचं लक्षच गेलं नाही.

पाच वाजता फादर डुडांनी बिंगोचा, म्हणजे आपल्या हाउझीचा, माइक घेऊन सोडत काढली. "सही केलेला शर्ट," ते वाचू लागले, "आणि विजेता आहे..." इथे फादर थांबले. त्यांनी चिठ्ठी लांब धरून पाहिली, जवळ धरून पाहिली. "परमेश्वरा," ते माइकवरच म्हणाले. "चेट विस्नॉस्की."

जत्रेतला गलका थांबला. पिरोगीची रांग एक पाऊल मागे सरली. खिडकीत चेट हातात ताटली धरून उभा, आणि ताटलीतल्या पिरोग्या एकेक करून घसरून खाली पडत होत्या.

"मी हॅममध्ये टाकली होती," तो म्हणाला. "पंधराच्या पंधरा. हॅममध्ये."

पुढची सोडत हॅमची. हॅम लागला वॉलीला. तेव्हा कुठे मिसेस ओपाल्कांना उलगडा झाला, आणि त्या बाकावर बसून पदराने वारा घ्यावा तशा एप्रनने वारा घेऊ लागल्या.

"सोपं आहे," फादर म्हणाले. "चेट, तू हॅम घे. वॉली, तू शर्ट घे. तुला तोच हवा होता."

"हवा होता," वॉली हॅम छातीशी धरून म्हणाला. "आता नाही. आता तो याच्या नावाने निघालाय. माइकवरून. अख्ख्या टेकडीसमोर."

"मग फादर, तुम्ही ठेवा," चेट काकुळतीला आला. "चर्चमध्ये राहू दे."

"पनवती वगैरे चर्च मानत नाही, चेट."

"मग घ्या की."

फादरांनी शर्टाकडे पाहिलं. "मानत नाही," ते म्हणाले, "पण म्हणून घरात आणून ठेवावी असंही कुठे लिहिलेलं नाही."

मग वाद पेटला. शर्ट हातात घेतला नाही तर मालकी लागते का? लागते, एक म्हणाला, बाळाला उचललं नाही म्हणून बाप सुटतो का? दुसरा म्हणाला, विकत घेतलेला असेल तरच बाधतो, बक्षिसाचा बाधत नाही. तिसऱ्याने आठवण करून दिली की गॅरी होल्कॉमचा शर्ट चेटला वाढदिवसाला फुकट मिळाला होता. चेटने मग तेही कबूल केलं की पैसे सासऱ्याने दिले होते. सहाला पन्नास मिनिटं होती, आणि शर्ट पेटीत बेवारशासारखा पडला होता.

शेवटी मिसेस ओपाल्कांनीच तोड काढली. चर्चच्या समोरच, रस्त्यात चेटच्या दारापुढे त्याची जुनी स्वयंपाकघरातली खुर्ची ठेवलेली होती. जत्रेच्या गर्दीत गाडीची जागा कुणी घेऊ नये म्हणून आमच्याकडे सगळेच ठेवतात. अशा खुर्चीला हात लावायची पोलिसाचीही छाती नाही. ती तिथे आहे म्हणजे जागा धरलेली आहे, बास.

"त्या खुर्चीवर ठेवा," बाई म्हणाल्या. "ती खुर्ची जागा धरून ठेवते ना? मग त्या पोराचीही धरेल."

बाईंनीच चिमट्याने शर्ट नेला आणि खुर्चीच्या पाठीवर टाकला. चेट पिरोगीच्या खिडकीतून तो बघत राहिला. रेजिना आत कांदा परतत होती. तिने सगळं ऐकलं होतं आणि कांदा करपवला होता. पस्तीस जत्रांत तिने कांदा करपवलेला कुणी पाहिला नव्हता.

"काय झालं गं तुला?" चेटने विचारलं.

"धूर गेला डोळ्यात."

साडेपाच झाले. पावणेसहा. बिंगो सुरू होता, पण आकडे कुणी लावत नव्हतं. फादर आकडा पुकारत आणि पुढच्या श्वासात वॉलीकडे बघत. वॉली एका हाताने हॅम आणि दुसऱ्या हाताने फोन धरून बसला होता. अंगात त्याच्या टॉड ब्रेनेकीचा शर्ट होता, संघाचा पहिल्या बेसवर उभा राहणारा धिप्पाड गडी, वॉलीचा जीव की प्राण. "माझ्या टॉडला कुणी हात लावत नाही," तो दर वर्षी म्हणायचा. "कारण मी चेट नाही."

सहा वाजले. चर्चची घंटा झाली. कुणी हललं नाही, कारण सगळ्यांना माहीत होतं की सहाच्या आत ठरलेले सौदे बाहेर कळायला दहापंधरा मिनिटं जातात. ती दहा मिनिटं सगळ्यात वाईट. बोळवण झालेली असते, फक्त बोळवण कुणाची ते कळायचं असतं.

सहा वाजून नऊ मिनिटांनी वॉली म्हणाला, "आपल्या संघाने एक माणूस दिलाय."

चेटने झारा खाली ठेवला.

"नाव?" फादरांनी माइकमधूनच विचारलं.

"येतंय. सिअ‍ॅटलला दिलाय. दोन कोवळी पोरं घेतलीत बदल्यात."

चेट खिडकीतून बाहेर आला. सावकाश चालत खुर्चीपाशी गेला आणि शर्टाशेजारी उभा राहिला, दवाखान्यात खाटेशेजारी उभं राहतात तसा. हात मागे बांधलेले. ओठ हलले. मागे आलेल्या रेजिनाने ते ऐकलं, बाकी कुणी नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा तो म्हणाला, "रुबेन. जातोस तर नीट जा बाबा."

आणि मंडपातून वॉलीचा आवाज आला. आवाज कसला, फाटक्या चाकातून हवा जाते तसं काहीतरी. "टॉड."

"काय?"

"टॉडला दिला. माझ्या टॉडला." वॉलीने अंगातल्या शर्टाकडे बघितलं. "मी तर हा गेल्या वर्षी घेतलाय. बारा महिने झाले."

"आणि अल्कासार?" कुणीतरी विचारलं.

"आहे. इथेच आहे." वॉली खाली बसला. हॅम त्याच्या मांडीवर होता. "चार वर्षांचा नवा करार करायचं बोलणं चाललंय म्हणे. मी वाचून दाखवू? मला काही दिसत नाहीये."

मंडपात जो सुस्कारा सुटला त्याने टेबलावरच्या रिकाम्या पिशव्या हलल्या, असं मिसेस ओपाल्का आजही शपथेवर सांगतात. बाईंच्या शपथा आपण किती धरायच्या ते ज्याचं त्याने ठरवावं. फादरांनी पुढचा आकडा पुकारला, आणि तीन जणांना एकदम बिंगो लागला, कारण आधीच्या आकड्यांवर कुणी खुणा केल्याच नव्हत्या. चेटने वॉलीला पिरोगीची ताटली नेऊन दिली, लोणी जास्त घालून. वॉलीने चेष्टा केली नाही. त्याने हॅमचा अर्धा भाग कापून चेटच्या हातात ठेवला, आणि आमच्या टेकडीवर याला माफी म्हणतात.

घरी आले तेव्हा ऊन अजून छपरांवर होतं. चेट ओसरीवर आपल्या खुर्चीत बसला, पाय लांब केले आणि इतका मोठा श्वास सोडला की रेजिना थांबली.

"चेट," ती म्हणाली. "उठ जरा."

"का?"

"उठ म्हणते ना."

तो अर्धा उठला. तिने उशीवर हात ठेवला. "एप्रिलमध्ये तुझ्या वाढदिवसाला म्हणून मी त्याचा शर्ट आणला होता. रुबेनचा. घरी येईपर्यंत माझा धीर सुटला. परत द्यायला गेले तर दुकानदार म्हणाला, नाव शिवून दिलेला परत घेत नाही. टाकवेना. माळ्यावर त्या सातांशेजारी टांगायची तर हिंमतच नव्हती. आणि उशीत भरायला काहीतरी लागतच होतं."

चेट अर्धवट उठलेलाच राहिला. त्या अवस्थेत त्याचे गुडघे किती दुखत असतील ते टेकडीवर राहणाऱ्यालाच कळेल.

"जूनमध्ये बातमी आली तेव्हा काढून घेणार होते," रेजिना म्हणाली. "तू देईनास. अंघोळीला घेऊन जायला लागलास. दोन महिने मला धड झोप नाही, चेट. तो गेला असता तर तू वॉलीला नाही, मला नाही, स्वतःलाच दोष देत खिळे लावत बसला असतास, आणि मला माहीत असतं की मी केलं."

चेटने उशीकडे पाहिलं. मग त्याने बोटं मोजायला सुरुवात केली. एप्रिल, मे, जून, जुलै. "म्हणजे मी चार महिने त्याच्यावर बसलोय."

"हो."

"आणि त्याने या चार महिन्यांत अठरा मारलेत. आयुष्यात इतके कधी मारले नव्हते."

"हो ना."

"आणि गेला नाही."

"नाही गेला."

चेट हळूच खाली बसला. पूर्ण वजन टाकून, जसा गेले चार महिने बसत होता तसा. मग तो हसायला लागला. आधी नुसतं पोट हललं, मग खांदे, मग ओसरीचा कठडा. रेजिना त्याच्या खांद्यावर डोकं टेकून हसता हसता रडली, आणि मग नाक पुसून म्हणाली, "उसवते आता. अंगात घाल एकदा. चाळीस वर्षांत पहिला टिकलेला शर्ट."

"शिवणीला हात लावायचा नाही," चेट म्हणाला. "आहे तिथे सुखाने आहे तो." रस्त्यातल्या खुर्चीकडे त्याने बोट केलं. "तो तिकडचा तू घाल. रविवारी दुपारचा सामना आहे. मी उशी काखेत मारून येतो."

रेजिनाने त्याच्याकडे पाहिलं, खरंच म्हणतोय का म्हणून. तो खरंच म्हणत होता. मोहरी कुठली चांगली यावर त्याने बोलायलाही सुरुवात केली होती.

मग तो एकदम कानाची पाळी ओढू लागला. चौतीस वर्षं दांडा धरलेल्या माणसाला डोक्यात काही आलं की तो असंच करतो.

"रेजिना."

"काय?"

"फुटबॉलमध्ये आपला तो डेशॉन प्रुइट आहे ना. त्याचा करार मार्चमध्ये संपतोय."

"मग?"

"टीव्हीसमोरची खुर्ची आहे आपली. तिला उशीच नाही."

रेजिना आत गेली आणि शिवणाच्या डब्यातून मापाची टेप घेऊन आली.